रक्त चढवल्यावर लागलेला दम: ज्याची नोंदच नाही, त्याचं संशोधन कसं होणार?

सोळा-सतरा वर्षांपूर्वीची गोष्ट. घाटाखालच्या एका तालुक्याच्या गावातून रात्री साडेनऊला फोन आला. तिशीतली बाई, दुपारी सिझेरियन झालेलं. नंतर रक्तस्राव जास्त झाला म्हणून रक्ताची एक आणि प्लाझ्माच्या दोन पिशव्या लावलेल्या. रक्तस्राव थांबला, सगळ्यांच्या जिवात जीव आला, आणि प्लाझ्माची दुसरी पिशवी संपता संपता तिला दम लागायला लागला. "सर, हार्ट फेल्युअर वाटतंय, येऊन जाता का?"

मी पोचलो तेव्हा ती पलंगावर बसून, दोन्ही हात टेकवून श्वास घेत होती. ऑक्सिजन लावूनही बोटावरचं मशीन ८२ दाखवत होतं. स्टेथोस्कोप लावला तर दोन्ही बाजूंना खालपासून वरपर्यंत बुडबुड ऐकू येत होती. अंगात ताप होता. वरचा रक्तदाब ८४. मानेच्या शिरा फुगलेल्या नव्हत्या, पायाला सूज नव्हती. आज हे लिहिताना एकेक खूण समोर उभी राहते. त्या रात्री मात्र मी फक्त बुडबुड ऐकली आणि लघवी होण्याचं इंजेक्शन दिलं. रक्तदाब ७० वर आला. मग घाईघाईने अकोल्याला पाठवलं. चिठ्ठीवर लिहिलं, "बाळंतपणाशी संबंधित हृदयाच्या स्नायूंची कमजोरी?" शेवटी प्रश्नचिन्ह टाकायला विसरलो नाही. आम्हा डॉक्टरांचं ते आवडतं चिन्ह आहे.

गाडीत बसण्याआधी तिच्या सासूबाईंनी विचारलं, "डॉक्टरसाहेब, रक्त लावल्यावर तं बरं वाटाले पाह्यजे ना, मंग हिले दम काऊन लागला?"

मी म्हणालो, "हृदय कमजोर झालंय मावशी."

प्रश्न त्यांचा बरोबर होता. उत्तर माझं चुकलं होतं.

ती बाई वाचली. चार दिवस व्हेंटिलेटरवर होती, मग झपाट्याने सुधारली. पंधरा दिवसांनी बाळाला घेऊन दाखवायला आली, तेव्हा तिच्या डिस्चार्ज कार्डावर हृदयाची सोनोग्राफी 'नॉर्मल' लिहिलेली होती. हृदयाच्या स्नायूंची इतकी कमजोरी चार दिवसांत अशी पुसली जात नाही, हे मला ठाऊक होतं. तरी मी कार्ड वाचलं, आनंद व्यक्त केला आणि विषय मिटवला. दोन-तीन वर्षांनी एका डॉक्टरांच्या परिषदेत रक्त चढवल्यानंतर फुप्फुसांना होणाऱ्या इजेवर व्याख्यान ऐकलं. पडद्यावर एका रुग्णाची लक्षणं एकामागून एक येत होती आणि मी मनातल्या मनात ती रात्र वाचत होतो. ताप, कमी रक्तदाब, दोन्ही फुप्फुसांत पाणी, हृदय चांगलं, रक्तघटक दिल्यापासून सहा तासांच्या आत सुरुवात.

हा आजार आहे तरी काय?

इंग्रजी नावाची आद्याक्षरं घेऊन याला आम्ही 'ट्राली' म्हणतो. रक्त किंवा रक्तघटक दिल्यानंतर, बहुतेक वेळा पहिल्या एक-दोन तासांतच, फुप्फुसांतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती गळक्या होतात आणि रक्तातला द्रव हवेच्या फुग्यांमध्ये झिरपतो. हृदय चांगलं असतं, शरीरात पाणी जास्त झालेलं नसतं, तरी फुप्फुसं पाण्याने भरतात. म्हणूनच लघवीचं इंजेक्शन इथे फारसं कामाचं नाही. उलट रक्तदाब आधीच कमी असेल तर ते घात करू शकतं, जसा मी जवळपास केलाच होता. खरा उपचार म्हणजे रक्त ताबडतोब बंद करणं, ऑक्सिजन देणं, गरज पडली तर व्हेंटिलेटर लावणं आणि रक्तदाब सांभाळणं. इतकं केलं तर बहुतेक रुग्णांची फुप्फुसं तीन-चार दिवसांत निवळतात. सगळ्यांची नाही.

याचा एक जुळा भाऊ आहे, 'टॅको'. त्यात रक्त फार वेगाने किंवा फार जास्त दिल्यामुळे शरीरात द्रवाचा भार होतो. म्हातारी माणसं, किडनीचे आणि हृदयाचे रुग्ण, वर्षानुवर्षं पंडुरोग अंगावर काढलेल्या बारीक चणीच्या बायका, यांना धोका जास्त. तिथे रक्तदाब बहुधा वाढलेला असतो आणि लघवीच्या इंजेक्शनने आराम पडतो. छातीच्या एक्स-रेवर दोन्ही जवळपास सारखेच दिसतात. कधी कधी दोन्ही एकाच रुग्णात असतात, मग तर कुणीही गोंधळावं.

असं का होतं, याची कथा मला फार बोलकी वाटते. १९५० च्या दशकातच रक्तानंतरच्या अशा श्वासाच्या त्रासाची वर्णनं छापून आली होती. १९५७ साली अमेरिकेत एक प्रयोग झाला, आज कुठलीही नीतिसमिती त्याला परवानगी देणार नाही. अनेकदा रक्त घेतलेल्या एका रुग्णाच्या रक्तात दुसऱ्याच्या पांढऱ्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडं तयार झाली होती. त्याचं जेमतेम ५० मिलिलिटर रक्त एका निरोगी स्वयंसेवकाला दिलं, तर त्याला ताप आला, रक्तदाब उतरला आणि एक्स-रेवर फुप्फुसांत पांढरे ढग दिसले. इतका स्पष्ट पुरावा हाती येऊनही पुढची पंचवीसेक वर्षं या विषयाकडे फारसं कुणी वळलं नाही. १९८० च्या दशकात मेयो क्लिनिकच्या डॉ. मार्क पोपोव्स्की यांनी असे रुग्ण चिकाटीने गोळा केले आणि आजाराला आजचं नाव मिळालं. १९८५ साली त्यांनी ३६ रुग्णांची मालिका प्रसिद्ध केली. त्यातल्या ७२ टक्क्यांना व्हेंटिलेटर लागला होता. यंत्रणा तीच, रुग्णालयं तीच, आजारही आधीपासून तिथेच. नाव नव्हतं म्हणून तो कुणाला दिसत नव्हता.

प्रतिपिंडं हे एक कारण झालं. पण ती असलेलं रक्त घेणाऱ्या प्रत्येकाला हा त्रास होत नाही. खामगाव भागातल्या वाचकांना सांगायचं तर जिनिंगच्या आवारात वाळलेला कापूस पडलेला असतो तसं आहे. ठिणगी एकटी काही करत नाही. शस्त्रक्रिया, जंतुसंसर्ग, मोठा रक्तस्राव यांमुळे रुग्णाच्या पांढऱ्या पेशी आधीच चेतावलेल्या असतात आणि फुप्फुसांच्या बारीक वाहिन्यांना चिकटून बसलेल्या असतात. हा झाला कापूस. त्यावर दात्याच्या प्लाझ्मातली प्रतिपिंडं, किंवा साठवणुकीत तयार झालेले काही पदार्थ, ठिणगीसारखे येऊन पडतात. पेशी आपल्याकडची रसायनं ओकतात आणि भिंत गळायला लागते.

दात्याकडे ही प्रतिपिंडं येतात कुठून? बहुतेक वेळा गरोदरपणातून. बाळाच्या पेशींवर वडिलांकडून आलेल्या खुणा असतात. आईचं शरीर त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं. आईला त्याचा काही त्रास नसतो. अमेरिकेतल्या रक्तदात्यांच्या एका मोठ्या अभ्यासात, जो २००९ साली प्रसिद्ध झाला, कधीच गरोदर न राहिलेल्या स्त्रियांपैकी १.७ टक्के जणींत ही प्रतिपिंडं सापडली. एका गरोदरपणानंतर प्रमाण ११.२ टक्के, दोनानंतर २२.५, आणि चार किंवा अधिक गरोदरपणांनंतर ३२.२ टक्के.

हे वाचून कुणी "बायकांनी रक्त देऊ नये" असा अर्थ काढला तर मला वाईट वाटेल. आधीच आपल्याकडे हिमोग्लोबिन १२.५ च्या खाली म्हणून कितीतरी बहिणी शिबिरातून परत जातात. बारा जानेवारीला, जिजाऊ जयंतीच्या दिवशी हिरिरीने रक्त द्यायला आलेल्या मुलींना परत पाठवण्याचं हे कारण नव्हे. प्रश्न फक्त प्लाझ्माचा आणि प्लाझ्मा जास्त असलेल्या घटकांचा आहे. लाल पेशींच्या पिशवीत प्लाझ्मा अगदी थोडा उरतो. इंग्लंडमध्ये २००३ च्या अखेरीपासून रुग्णांना देण्याचा प्लाझ्मा शक्यतो पुरुष दात्यांचाच वापरायचं ठरलं. स्त्रियांचं रक्तदान चालूच राहिलं, त्यांच्या लाल पेशी वापरात राहिल्या. ट्रालीच्या नोंदी मात्र ठळकपणे घटल्या. अमेरिकेनेही २००६ नंतर तोच मार्ग धरला. तिथल्या दोन मोठ्या रुग्णालयांच्या अभ्यासात दर दहा हजार पिशव्यांमागे २००६ साली २.५७ रुग्ण होते, ते २००९ साली ०.८१ वर आले. नवं औषध नाही, महागडं यंत्र नाही. कुणाचा प्लाझ्मा कुठे वापरायचा, एवढाच बदल.

मला या लेखात खरं म्हणायचंय ते असं

हा बदल इंग्लंडला सुचला, कारण तिथे १९९६ पासून रक्त चढवल्यावर झालेल्या गंभीर त्रासांची देशपातळीवर नोंद होत होती. कुठल्यातरी गावातल्या डॉक्टरने फॉर्म भरला, मग दुसऱ्याने, मग तिसऱ्याने. ते फॉर्म एका टेबलावर आले तेव्हा प्लाझ्मा आणि स्त्री दात्या यांचा धागा दिसला.

आता वरचा आकडा पुन्हा पाहा. दर दहा हजार पिशव्यांमागे एक ते तीन रुग्ण. मी माझ्या आयुष्यात फार तर दोन-तीन हजार पिशव्या लिहून दिल्या असतील. म्हणजे हिशेबाने माझ्या वाट्याला एकही रुग्ण यायला नको होता. आमच्यापैकी बहुतेकांना सगळ्या कारकिर्दीत असा एखादाच रुग्ण भेटतो, किंवा भेटतच नाही, आणि भेटला तर तो हार्ट फेल्युअर म्हणून निघून जातो. मलेरिया किंवा सर्पदंश आपण अनुभवाने शिकतो. हा आजार एकट्याच्या अनुभवाने शिकताच येत नाही. त्यामुळे "माझ्या तीस वर्षांत असं काही पाहिलं नाही" हे वाक्य इथे निरुपयोगी आहे. मीही ते म्हटलं असतं.

न कळवण्याची किंमत काय असते? अमेरिकेत एका रुग्णाचा ट्रालीने मृत्यू झाला आणि त्या प्लाझ्माची दाती सापडली. संशोधकांनी मागे जाऊन पाहिलं की हिचं रक्त आजवर आणखी कुणाकुणाला गेलं. २००२ साली तो अभ्यास छापून आला. पन्नास रुग्णांपर्यंत तिचे रक्तघटक पोचलेले असू शकत होते, त्यांपैकी ३६ जणांच्या फायली मिळाल्या. त्यांत १४ जणांना रक्तानंतर त्रास झाल्याची नोंद होती आणि त्यांतल्या आठ जणांचा त्रास गंभीर होता. हे सगळं त्या त्या रुग्णालयाच्या कागदांवर लिहिलेलं होतं, पण रक्त गोळा करणाऱ्या केंद्रापर्यंत त्यातलं फारच थोडं पोचलं होतं. त्या बाईचं चुकलं काहीच नव्हतं. ती भल्या मनाने रक्त देत राहिली, कारण तिला कुणी सांगितलंच नाही.

मला झोप येत नाही ती इथे. त्या रात्रीच्या प्लाझ्माच्या दोन्ही पिशव्यांवर नंबर होते. गोठवलेला प्लाझ्मा वर्षभर टिकतो. दाता पुरुष असेल तर तीन महिन्यांनी आणि स्त्री असेल तर चार महिन्यांनी पुन्हा रक्त देऊ शकते. म्हणजे त्याच दात्याच्या आधीच्या पिशव्या कुठल्यातरी फ्रीजरमध्ये असू शकत होत्या आणि पुढच्या शिबिरातून आणखी येणार होत्या. एका फोनने त्या बाजूला काढता आल्या असत्या. मी फोन केला नाही. नंबरही लिहून घेतला नाही. पिशव्या कचऱ्यात गेल्या.

तेव्हा निदान एवढं म्हणता येत होतं की देशात अशी यंत्रणा नव्हती. आता तेही म्हणता येत नाही. १० डिसेंबर २०१२ रोजी भारताचा हिमोव्हिजिलन्स कार्यक्रम सुरू झाला. नोएडाची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ बायोलॉजिकल्स तो चालवते. रक्त चढवल्यानंतर झालेल्या कुठल्याही त्रासाचा ठरावीक फॉर्म आहे, त्यात ट्राली आणि टॅको यांचे वेगळे रकाने आहेत. कळवणं ऐच्छिक आहे आणि दोषी शोधणं हा त्याचा हेतू नाही. आपल्याकडून जाणाऱ्या नोंदींत सर्वांत जास्त असतात त्या थंडीताप आणि अंगावरच्या पुरळाच्या. त्या नर्सलाही दिसतात. दम मात्र "मूळ आजाराचाच" म्हणून सोडून दिला जातो. त्यातून असं चित्र तयार होतं की ट्राली हा जणू परदेशातला आजार आहे. माझं मत स्पष्ट आहे: आपल्याकडे तो कमी असेलही, कारण आपले बहुतेक रक्तदाते पुरुष आहेत. पण 'कमी आहे' हे मोजून म्हणायचं असतं. न मोजता म्हटलं तर ती समजूत झाली.

कुणी म्हणेल, प्रतिपिंडांच्या तपासण्या बुलडाण्यात कुठे होणार? नाही होणार. पण संशोधनाची पहिली पायरी प्रयोगशाळेत नसतेच. मुंबईच्या केईएममध्ये १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना 'ओ' गटासारखं दिसणारं, तरीही 'ओ' गटाच्या रक्ताशी न जुळणारं रक्त सापडलं. "काहीतरी चुकलं असेल" म्हणून त्यांनी नमुना टाकून दिला नाही. त्यातून बॉम्बे रक्तगटाचा शोध लागला आणि तो 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. आज त्याच आवारात आयसीएमआरची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी आहे. १९५७ साली ती रक्तगटांचं संदर्भ केंद्र म्हणून सुरू झाली होती. मोठ्या तपासण्यांसाठी राज्यात अशा जागा आहेत. त्यांच्याकडे पाठवायला नमुना आणि पिशवीचा नंबर मात्र आपल्याकडूनच जायला हवा.

वर ज्या अमेरिकन अभ्यासाचा आकडा दिला, त्यात रुग्ण शोधायचं काम डॉक्टरांच्या संशयावर सोडलेलं नव्हतं. रक्त दिल्यानंतर कुणाचा ऑक्सिजन उतरला, हे संगणक आपोआप दाखवत होता. आपल्याकडे तो संगणक नाही, पण बोटाला लावायचं मशीन कोरोनानंतर प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात, बऱ्याच घरांतसुद्धा आहे. रक्त सुरू करण्याआधी, पंधरा मिनिटांनी, पिशवी संपल्यावर आणि सहा तासांनी असे चार आकडे केसपेपरवर लिहायचे. त्रास झाला तर पिशवी टाकायची नाही, तिचा नंबर लिहायचा, एक्स-रे काढायचा, रक्तपेढीला त्याच दिवशी फोन करायचा. जिल्ह्यातली सगळी सरकारी आणि खासगी रुग्णालयं मिळून हे दोन वर्षं केलं, आणि एकूण किती पिशव्या लागल्या हेही मोजलं, तर विदर्भाच्या या टोकाकडून देशाला एक खरा आकडा मिळेल. यासाठी कुठलं अनुदान लागतं असं मला वाटत नाही. अडचण वेगळी आहे, आणि ती आम्हा डॉक्टरांना पक्की ठाऊक आहे: "कळवलं तर नातेवाईक काय म्हणतील?" ही भीती खोटी नाही. रुग्णालयाच्या काचा फुटलेल्या मीही पाहिल्या आहेत. पण त्या सासूबाईंना मी खरं सांगितलं असतं, की कधी कधी रक्तानेही असं होतं, त्यात कुणाची चूक नसते, तर त्या भडकल्या असत्या असं मला आज वाटत नाही. त्यांना संशय आधीच आला होता.

रुग्णांनी आणि नातेवाइकांनीही एक गोष्ट लक्षात घ्यावी. प्रत्येक पिशवीसोबत हा लहानसा धोका येतो, म्हणून जिथे गरज नाही तिथे आग्रह धरू नये. पावसाळ्यानंतर डेंग्यूची साथ आली की प्लेटलेट चाळीस हजारांवर गेल्या म्हणून लोक हात जोडून उभे राहतात, "काही करा, पण प्लेटलेट लावा." रक्तस्राव नसेल आणि आकडा दहा हजारांच्या वर असेल तर सहसा गरज नसते. प्लेटलेटच्या पिशवीत प्लाझ्माच असतो, हे आता वर वाचलंच आहे. घोणसाच्या किंवा फुरशाच्या दंशात रक्त गोठत नाही तेव्हा प्रतिविष हेच मुख्य औषध असतं, त्याच्याऐवजी प्लाझ्मा नव्हे. आणि "अशक्तपणा आहे, एक बाटली लावून टाका" ही मागणी तर पूर्णच बंद व्हावी. ज्यांना खरी गरज आहे, त्यांनी मात्र या लेखामुळे घाबरून रक्त नाकारू नये. बाळंतिणीचा रक्तस्राव ट्रालीपेक्षा कितीतरी अधिक जीव घेतो. त्या बाईलाही रक्त द्यावंच लागलं असतं.

गेल्या महिन्यात सत्तरीतल्या एका आजोबांना रक्ताची दुसरी पिशवी चालू असताना धाप लागली. पिशवी बंद केली, रक्तदाब पाहिला, १८० होता. लघवीचं इंजेक्शन दिल्यावर तासाभरात आराम पडला. म्हणजे टॅको, ट्राली नव्हे. तरी मी फॉर्म भरला आणि रक्तपेढीत घेऊन गेलो. तिथल्या तरुण तंत्रज्ञाने तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "सर, त्रास तर बरा झाला ना? मग आता हे कशाला?" मी त्याला ती सोळा-सतरा वर्षांपूर्वीची रात्र सांगितली. त्याने रजिस्टर काढलं आणि पिशवीचा नंबर माझ्याकडून पुन्हा एकदा विचारून घेतला.